ज्ञानूचा न मोडणारा कॉम्प्युटर

माझा भाचा ज्ञानू फौजेत वायरलेसवर होता. पेन्शनीत आमच्या गावी कुंडलला आला तो डोक्यात एकच खूळ घेऊन: पोरापोरींनी, बायाबापड्यांनी न भिता हात लावावा असा कॉम्प्युटर करायचा. साल अठ्ठ्याण्णव. तवा कॉम्प्युटरला काचेची खोली असायची आणि बाहेर चपला काढायच्या. आमच्या म्हसोबालाही एवढा मान नाही.

कराडच्या भंगारातून जुने भाग आणून त्यानं दोन शेळ्यांच्या पैशात यंत्र उभं केलं. त्यात लिनक्स नावाची, यंत्र चालवणारी प्रणाली घातली. मासिकाबरोबर तिची तबकडी फुकट आली होती म्हणे. मी दुसरीपर्यंत शिकलेली, मला कळलं ते एवढंच: मूळ कारभार कुलपात, शिकणाऱ्याला ओसरी मोकळी. तिथं कितीही पसारा घाला, यंत्र बंद करून परत लावलं की ओसरी झाडलेली.

ज्ञानूला ते वाचनालयात ठेवायचं होतं. वाचनालयाचे अध्यक्ष आप्पासो मात्र पोरं मोडतील म्हणून यंत्र कपाटातच ठेवीन म्हणत होते. शेवटी ठरलं, दसऱ्याला ते वाचनालयात उघडं ठेवायचं. गावानं दिवसभर हाताळूनही सांजेला चालू राहिलं तर तिथंच राहील, नाहीतर ज्ञानूनं नाद सोडायचा.

पोरांनी बटणं बडवली. तीनदा वीज गेली. यंत्र दर वेळी उठून बसलं.

चारच्या सुमाराला मी सोनं वाटत तिथं गेले. घरी शिवणयंत्राला कुंकू लावलेलं, मग यालाच का वगळायचं? कुंकू लावलं, आणि पुढं एक फट दिसली तीत आपट्याचं पान सारलं. त्याच फटीतल्या फ्लॉपीवरून, त्या चपट्या चकतीवरून, यंत्र दर वेळी जागं व्हायचं हे मला कोण सांगणार? पुन्हा वीज गेली, आली, पण पडदा काळाच.

आप्पासो हसले. "काय रं ज्ञानू, आत्तीच्या एका पानानं तुझी फौज आडवी?"

"आवं, दिवस मावळंस्तवर येळ हाय माझ्याकडं," म्हणत ज्ञानूनं पेचकस काढला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो म्हणाला, "आत्ती, तू पान घातलंस म्हणून खोट घावली. फट उघडी ठेवली ती मी."

पानानं अडलेला भाग काढून त्यानं घरून आणलेला फ्लॉपीचा दुसरा भाग बसवला, यंत्र उठवलं, आणि इथून पुढं आतल्या डिस्कवरूनच उठायचं असं त्याला लिहून दिलं. मग दिवस मावळायच्या आत तेलाच्या डब्याचा पत्रा कापून फट कायमची बंद केली.

आप्पासोंनी स्वतः वायर उपटून परत लावली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा रागानंच. यंत्र दर वेळी उठलं.

"ऱ्हाऊ द्या हितंच," आप्पासो म्हणाले. "उघडं."

ज्ञानू तवर उरलेला पत्रा दुसऱ्या यंत्रासाठी मापत बसला होता.