चिमूटभर हिंग

बोरीवलीची अनुपमा परब मूळची वेंगुर्ल्याची, म्हणजे पक्की भातखाऊ. डॉक्टरांनी तिला सीलिअ‍ॅक सांगितला, म्हणजे गहू पोटात गेला की आतडीच खराब होतात, तेव्हा सगळे म्हणाले, "मग तू सुटलीस की गं!" तिने पोळी सोडली, पाव सोडला, शिऱ्याचा प्रसादही कपाळाला लावून शेजारणीला दिला. तरी वर्षाने रक्ताचा रिपोर्ट जैसे थे.

"खरं सांग, स्टेशनवर वडापाव हाणतेस ना?" नवरा सुबोध टोमणा मारी. आधी ती भांडायची, शपथा घ्यायची. मग तेही थांबलं.

परवा आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "नवे अभ्यास हेच सांगतात, नेमाने पथ्य करणाऱ्यांच्याही पोटात नकळत गहू जातो. आमटीत काय काय घालता?" अनुपमा सांगत गेली. हिंग म्हणताच बाईंनी तिला थांबवलं. "डबीवर काय लिहिलंय ते वाचा."

घरी सुबोधनेच चष्मा लावून वाचलं. हिंगाचा उग्रपणा मोडायला त्यात चक्क गव्हाचं पीठ! आणि फोडणी तर रोजचीच, तिच्याच हातची.

"वाट लागली," तो म्हणाला. "आणि मी तुला... अगं, शिव्या तरी घाल!"

अनुपमाला एकही शिवी सुचेना. ज्या दिवसासाठी एवढी भांडली तो आला, पण आत काहीच हललं नाही. तिने डबी कचऱ्यात टाकली, कढई घासली, आमटीला नुसत्या लसणाची फोडणी दिली. सुबोधला पहिल्याच भुरक्याला चव बदललेली कळली. तरी त्याने आणखी एक वाटी मागितली. तिने वाढली.