कुत्र्याच्या पानावरची खीर

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबा हयात असल्यामुळे तिचं पान अविधवा नवमीला वाढायचं, म्हणून सवाष्ण म्हणून नरखेडहून मावशीला बोलावलं. सवाष्णीने खरं तर नुसतं जेवायचं असतं. पण ही आली तीच पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली आणि आम्हा बापलेकांना तिने बाहेर काढलं.

पितरांच्या नैवेद्यासोबत गाईचं, कावळ्याचं आणि कुत्र्याचंही पान निघतं. कुत्रा आमच्या घरातच होता. वाडीच्या रस्त्यावर ट्रकांच्या मधून आईनेच त्याला उचलून आणलं होतं. ती गेल्यापासून बाबा सकाळी उठतात ते त्याला फिरवायचं म्हणून. एरवी उठले असते की नाही, देव जाणे. त्याने आपलं पान खिरीसकट चाटूनपुसून साफ केलं. मावशी गाईचं पान घेऊन गाय शोधायला बाहेर पडली. आमच्या मनीषनगरात आता फ्लॅट सापडतो, गाय सापडत नाही.

सवाष्णीच्या आधी जेवायचं नव्हतं. पण भूक लागली की माझं डोकं फिरतं. पातेल्यातली चमचाभर खीर मी तोंडात टाकली. दाताखाली मनुका आली.

कुत्र्याच्या डॉक्टरकडे भिंतीवर एक तक्ता आहे. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण: कुत्र्याला विष. लस टोचायला गेलो होतो तेव्हा तो वाचून मी हसलो होतो. कांदा-लसूण विष, तर सावजी रश्श्याच्या या गावात एकही कुत्रा उरायला नको! आता हसू येईना. पातेल्यात पळी फिरवली, तर मनुकाच मनुका, टम्म फुगलेल्या.

"मावशीले काही समजते का नाही?" मी ओरडलो. कुत्र्याला उचलून बाबा अनवाणीच गाडीत जाऊन बसले. कुत्रा गेला तर बाबाही फार दिवस राहत नाहीत, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं आणि मी दाराला कुलूप घालून गाडी काढली.

डॉक्टरने इंजेक्शन देऊन ओकारी काढली. मनुका किती खाल्ल्या, विचारलं. आम्हाला काय ठाऊक? एखाद्या कुत्र्याची किडनी थोड्याशा मनुकांनीही जाते, म्हणाला. मग हातमोजे घालून तो ओकारी चिवडत बसला. भात निघाला, वडा निघाला. "मनुका तर दिसूनच नाही राहिली," म्हणत तो सलाइनची तयारी करू लागला.

तेवढ्यात शेजाऱ्यांच्या फोनवरून मावशी. "सवाष्णीले बाहेर ठेवून कुलूप लावलं! कुठी गेले गा तुम्ही?"

मी फोन स्पीकरवर टाकला आणि तोंडाला येईल ते बोललो. मावशीने सगळं ऐकून घेतलं.

"काहून बोंबलून राहिला गा? तुह्या मायच्या पानावर मनुका वाढीन का मी? तिले आवडत होत्या का कधी? तिची खीर आधीच काढून ठेवली. गाय, कावळा, कुत्रा, सगळ्यांले त्यातलीच. मनुका मागून टाकल्या, तुमच्यासाठी."

सुटलो! डॉक्टर हसत सलाइनची बाटली परत ठेवायला गेला. मावशीवर तोंडसुख घेतल्याची लाजसुद्धा वाटेना, इतका जीव हलका झाला होता.

बाबा मात्र फोनकडे वाकले. "आवडत नव्हत्या? ती तर आपल्या वाटीतल्या सगळ्या मनुका मले देत होती."

"मंग फेकाच्या कुठी, भाऊजी? लहानपणी मले देत होती."

बाबा हसायला लागले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कुत्रा त्याच ओकलेल्या तोंडाने त्यांचे गाल चाटत होता.

"मले वाटे, माया करते," ते म्हणाले. "म्हणून खात होतो मी. मलेही कुठी आवडतात मनुका?"