दाराआडचा खोकला

धारूरच्या बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बोलताना तो मान वर करत नाही. आधी उघड्या मोबाइलवर फुंकर मारतो, मग उत्तर देतो. स्वतः बनवलेला भीतीचा गेम परवा त्याने मला खेळायला दिला. गाव ऊसतोडीला गेलेलं, घरांना कुलपं, आणि एका बंद दाराआड म्हातारीचा खोकला.

"आईचा हाय. मी तोडीवर असताना तिच्याशी फोनवर बोलताना रेकॉर्ड झालता."

मी दारावर बोट आपटत राहिलो. "उघडायचं बटन कुठंय?"

फुंकर. "ठिवलंच न्हाई. आमी येईस्तोवर गावात मागं ऱ्हायलेल्यांनी दार तोडलं हुतं."

मी आवाज बंद करायला गेलो, तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली.

"ऱ्हाऊ द्या."