येसराचा वास

काल मी येसरासाठी गहू, डाळ, धणे भाजत होते. मुलीनं शब्दकोशात शोधून सांगितलं, येसर हा शब्द जुन्या 'वेसवार'वरून आला, म्हणजे मसाला. तिचं ऐकता ऐकता त्या खमंग वासानं मला उमरखेडला, नणंदेच्या लग्नात नेलं.

मी नवी सून, रस्सा माझ्याकडे. ऐनवेळी वऱ्हाडाची आणखी एक गाडी आली. सासूबाईंनी रश्श्यात सरळ बादलीभर पाणी ओतलं. मला रडू फुटलं.

"रडून काहून राह्यली? येसर लाव."

त्यांनी भाजून दळून ठेवलेलं ते पीठ कालवून सोडलं आणि रस्सा पुन्हा दाट झाला. पंगतीत व्याह्यांनी विचारलं, रस्सा कोणी केला?

"आमच्या सुनेनं," सासूबाई म्हणाल्या.

माझ्या हातात फक्त पळी होती.