शिंदीचं दुकान बंद केल्यावर

नार्नूरकडच्या शिंदीच्या दुकानाचं ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

खबर एका बाईने दिली. ठाण्यात येऊन म्हणाली, नवरा बाटलीभर शिंदी पितो आणि कापसाच्या ओळींतच आडवा होतो. ते दुकान बंद करा. ताज्या शिंदीने माणूस असा पडत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. झाडांची शिंदी कमी आणि गिऱ्हाईक जास्त झालं, की पाण्यात गुंगीची पावडर कालवतात. आम्ही छापा घातला, पंचनामा केला, दुकानाला सील लावलं. पावडर मात्र सापडली नाही.

चौकशीत दुकानदार एकच सांगे, "साहेब, एकदम बंद नका करू. गाव कापत सुटन." मी ती धमकी समजलो. पावडर कुठे लपवली, एवढंच विचारत राहिलो.

लवकरच त्या गावाहून ऑटो भरभरून माणसं सरकारी दवाखान्यात येऊ लागली. हात थरथर कापत होते. कोणी अंगावर नसलेल्या मुंग्या झटकत होतं. त्या बाईच्या नवऱ्याला तर झटक्यांवर झटके येत होते. मला वाटलं, कोणी विष पाजलं. डॉक्टर म्हणाले, उलट आहे. ही पावडर मेंदूला रोज दाबून ठेवते. मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकतो. दाब एकाएकी निघाला की तो जोर उसळतो. पावडर कोणती ते कळलं, तर औषध नेमकं देता येईल.

नाव सांगणं म्हणजे दुकानदारासाठी गुन्हा कबूल करणं. शेवटी मी बाईला त्याच्यासमोर आणलं.

"भाऊ, माहा माणूस मरून राह्यला. काय पाजलं तेवढं सांग."

त्याने खाली बघत एका झोपेच्या गोळीचं नाव घेतलं. पावडर कडब्याच्या गंजीत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मी तं मनलंच होतं तुमाले."

आम्ही जी पावडर मुद्देमाल म्हणून सील केली, त्याच जातीचं औषध दवाखान्यात तिच्या नवऱ्याला दिलं आणि हळूहळू कमी केलं. तो वाचला. बाई व्हरांड्यात भेटली तेव्हा एवढंच बोलली, "म्या दुकान बंद करा मनलं होतं, साहेब. त्याले मारा नव्हतं मनलं."

तेव्हापासून अशा छाप्याआधी मी दवाखान्यात खाटा आहेत का, ते विचारायचो. नसल्या तर छापा पुढे ढकलायचो. वरिष्ठ चिडायचे. त्या बाईने पुन्हा कधी खबर आणली नाही. आठवडी बाजारात दिसली, की अजूनही रस्ता बदलते.