गाडी निजते कुठे?

गाडी दाखवली की भाऊ आधी तिच्याभोवती एक चक्कर मारायचे. मग ताप बघावा तसा बॉनेटवर हात ठेवायचे आणि विचारायचे, "फिरते कुठे ते नका सांगू. निजते कुठे?"

तुमच्याही गावात असा एखादा विमा एजंट असेल. आम्ही बुरहानपूरचे लोक विम्याला बीमाच म्हणतो, म्हणून हे आमचे बीमावाले भाऊ. माझ्या घरापासून तिसऱ्या दारात राहायचे. गाडी रात्री कुठे उभी असते, असा त्यांच्या फॉर्मवर एक रकाना असे. बाकीचे एजंट तो बसल्या जागी भरून टाकत. भाऊंचा सगळा जीव त्याच रकान्यात. जवळच्या दापोरा गावातल्या एका केळीवाल्याने "गोठ्यात" असं सांगितलं, तर हे स्कूटरवरून बघायला गेले आणि "गोठ्यात, दोन म्हशींच्या शेजारी" असं लिहून आले. कंपनीत लोक हसले असतील. भाऊंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

माझा मुलगा भोपाळला शिकायला गेला. कॉलेज शहराबाहेर, म्हणून घरची जुनी गाडी त्यालाच दिली. बीम्याची तारीख आली, भाऊ आले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"इथेच," मी ठोकून दिलं. "आमच्या अंगणात."

भाऊंनी खिडकीतून पाहिलं. गाडीच्या जागी हिने पापड वाळत घातले होते.

"मास्तर, पापडांचा बीमा मी नाही काढत."

मी हसलो, पण ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. "भाऊ, इथलंच लिहा ना. पोरगा काय कायमचा गेलाय का?" प्रश्न गाडीचा नव्हताच. भोपाळ लिहायचं म्हणजे पोरगं आता या घरात राहत नाही, हे आपल्या सहीने कबूल करायचं. तेच आम्हा दोघांना जड जात होतं.

भाऊंनी पेनाला टोपण लावलं. "वहिनी, बच्चे बाहेर गेले म्हणजे गेले नसतात हो. पण उद्या तिकडे गाडी ठोकली, तर कंपनी म्हणेल, लिहिली बुरहानपूरला, मग भोपाळला कशी? तेव्हा पोरगं एकटं काय जवाब देईल?"

चहा झाला. मग हिनेच मान हलवली आणि त्यांनी भोपाळ लिहिलं. गावातल्या किती आईबापांची त्यांनी अशी समजूत काढली असेल! कोणी फारच रडलं तर फॉर्म तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी येत.

पुढे त्यांचीच मुलगी इंदूरला शिकायला गेली. बायको आधीच वारलेली, घरात दोघंच बापलेक. तिला त्यांनी एक लहानशी जुनी गाडी घेऊन दिली. "दर शनिवारी येते, पप्पा," असं सांगून ती गेली.

घरासमोर गाडीपुरती जागा भाऊंनी दोन विटा ठेवून राखली. तिथे दुसऱ्या कोणी गाडी लावली, तर हा मऊ माणूस चक्क भांडायचा. इंदूरहून येताना गावाअलीकडचं असीरगढ आलं की मुलगी फोन करी. मग भाऊ विटा उचलून भिंतीशी ठेवत आणि तिच्या आवडीचा दराबा आणायला मिठाईवाल्याकडे जात.

पहिलं वर्ष ती आली. मग परीक्षा आल्या, मग ट्रेनिंग आलं. "अभ्यास आहे हो तिला," भाऊ म्हणायचे. सकाळी जागा झाडून विटा पुन्हा नीट लावायचे. मला ते बघवत नसे. तिला एक फोन मी करू शकलो असतो. केला नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

गेल्या हिवाळ्यात भाऊ झोपेतच गेले. मुलगी आली, पण असीरगढवरून फोन करणार कोणाला? समोर विटा होत्या, म्हणून तिने गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावली आणि तिथून धावत आली.

तेरावा झाल्यावर ती गाडीचे कागद घेऊन माझ्याकडे आली. बीम्याची तारीख जवळ आली होती. "काका, हे बघा ना जरा. पप्पांनीच भरलंय, पण चुकलंय."

मी चष्मा लावला. त्या रकान्यात भाऊंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'बुरहानपूर, घरासमोर'. ती गेल्यापासूनच्या तिन्ही वर्षांच्या फॉर्मच्या नकलांवर तेच.

अख्ख्या गावाकडून खरं लिहून घेणारा माणूस! मला पुढचं काही वाचता येईना.

"चुकलं नाही बेटा," एवढंच मी म्हणालो.

ती त्या अक्षरांवर बोट ठेवून बसून राहिली. "गाडी निजते कुठे, हे सगळ्यांना विचारायचे ना ते? मला कधीच नाही विचारलं, काका."

नव्या फॉर्मवर मी इंदूर लिहिलं. भाऊंनी माझ्याकडून तेच लिहून घेतलं असतं. संध्याकाळी तिने स्वतः विटा उचलल्या आणि गाडी आणून घरासमोर लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घराला कुलूप घातलं, गाडी बाहेर काढली आणि पुन्हा खाली उतरली. दोन्ही विटा होत्या तिथे ठेवल्या. हात झटकत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, इथे कोणाला गाडी लावू देऊ नका."