आईच्या कोटाचा बोकड

अट्रॅक्टा मलव्हीच्या घरात एकही चमचा सरळ नव्हता. दर ऑक्टोबरात ती शेतातून मोठाले सलगम आणायची आणि चमच्यानं आतून कोरून त्यांचे दिवे करायची. सलगम म्हणजे काही पिकला पपई नव्हे. दगडाला नख लावावं तसं ते काम, त्यात चमच्यांनी मान टाकली तर त्यांना काय बोल लावणार? घरी आलेला पाहुणा चहात साखर ढवळायला लागला की चमचा भलत्याच दिशेला वळायचा आणि चहा बशीत यायचा. "हॅलोवीनचा चमचा आहे तो, जरा लाडानं घे," अट्रॅक्टा सांगायची. वर्षभर तेच चमचे असायचे.

नवरा मॅलकी रस्त्यावरचे खड्डे बुजवायच्या कामावर. बोलणं बेताचं, पगार त्याहून बेताचा, आणि पोरं सहा. पण हॅलोवीनला क्लूनबारा गावातली निम्मी सोंगं अट्रॅक्टाच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडायची, आणि त्यांना खर्च म्हणाल तर काळ्या दोऱ्याचं एक रीळ.

त्या गावात सोंग सुंदर दिसायला घेत नसत, लपायला घेत. लहानथोर सगळे सोंग घेऊन घरोघर शिरायचे आणि तोंडातून अक्षर न काढता चुलीपाशी बसायचे. घरच्यानं ओळखायचं, कोण ते. ओळखलं की मुखवटा काढावा लागे आणि फजिती होई. नाही ओळखलं तर सफरचंदं, शेंगा आणि ब्रॅक, म्हणजे मनुकांचा गोड पाव, मिळे. दुकानाच्या खिडकीत विकतचे मुखवटे टांगलेले असत, पण अट्रॅक्टा त्यांच्याकडे पाहून नाक मुरडायची. "पैसे मोजून ओळखू यायचं? हिरवी चेटकीण कुणी नेली ते दुकानदारीण संध्याकाळच्या आत गावभर सांगते. माझं पोतं कुणाचं आहे ते पोत्यालाही माहीत नसतं."

आणि खरंच नसायचं. पिठाची पोती, फाटके जाळीचे पडदे, काटेरी तारेला अडकलेली मेंढ्यांची लोकर, अंड्यांच्या पुठ्ठ्याचं नाक, जळक्या बुचाची काजळी, फुटक्या रबरी पिशवीची जीभ. ती हडकुळ्याला उशा बांधून जाड करायची आणि जाड्याला वाकवून म्हातारा करायची. शेवटी प्रत्येकाच्या बुटात एक खडा टाकायची. तो खडा खास कोलमन फीनीसाठी. कोलमन गावचा निवृत्त पोस्टमन. जन्मभर लोक फाटकापर्यंत चालत येताना त्यानं पाहिले होते, त्यामुळे चालीवरून तो कुणालाही ओळखायचा. खडा घातला की कोलमनची विद्या संपली.

स्वतः अट्रॅक्टाला मात्र सोंग कधी साधलं नाही, कारण तिचं हसू. अंडं घातलेल्या कोंबडीसारखं ते आधी बराच वेळ आतल्या आत कुचकुचायचं आणि मग एकदम सगळ्या आळीला वर्दी द्यायचं. असं हसू गावात आणखी एकाच बाईचं होतं, तिच्या धाकट्या बहिणीचं, डिम्प्नाचं. ती ओढ्यापलीकडे राहायची. आणि दोघींचं बोलणं बंद होतं.

झालं होतं असं. आई गेल्यावर बहिणींनी तिचे कपडे वाटून गाठोडी बांधली, एक चिंध्यांचं, एक ठेवणीतलं. चिंध्यांचं घ्यायचं सोडून अट्रॅक्टानं चुकून उचललं ते ठेवणीतलं. त्यात आईचा रविवारचा हिरवा लोकरी कोट होता. अट्रॅक्टानं कापड पाहिलं आणि तिला पुढचं काही दिसेनासं झालं. तिनं त्याचा बोकड केला. घेराच्या कापून झिपऱ्या केल्या, कॉलरला सायकलच्या ट्यूबची शिंगं लावली आणि थोरल्या पोराला, डोनलला, तो घालून थेट मावशीच्या घरी धाडला. डिम्प्नानं पोराला ओळखलं नाही. कोट ओळखला. तिनं तो जागच्या जागी त्याच्या अंगावरून ओरबाडला, आणि डोनल थंडीत नुसत्या बनियनवर ओढा ओलांडून घरी आला.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या दारात डिम्प्ना ओरडली, "आईचा बोकड केलास तू!"

तिथं "चुकलं माझं" म्हटलं असतं तर संपलं असतं. पण अट्रॅक्टाच्या डोळ्यांपुढे बनियनवरचं पोर होतं आणि जीभ कायम तयारच. ती म्हणाली, "आईपेक्षा बोकडालाच बरा दिसत होता तो."

हे बोलून गेल्याचं तिला त्याच क्षणी इतकं वाईट वाटलं की ती घरी जाऊन कोंबड्यांच्या खुराड्यात बसून रडली. पण खुराड्यातलं रडणं ओढ्यापलीकडे कसं कळणार? डिम्प्ना कुणाकडून ऐकून घेणारी नव्हती आणि अट्रॅक्टा माघार घेणारी नव्हती. एकाच आईच्या पोरी त्या. दोन्हीकडचा पीळ सारखाच. वर्षं गेली.

त्या वसंतात डिम्प्नाचा नवरा ओवेन गेला. अट्रॅक्टानं दफनाच्या दिवशी सांत्वनाच्या रांगेत उभं राहून बहिणीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "फार वाईट झालं." ते तर तिथं सगळेच म्हणतात, दूधवाल्यापासून शत्रूपर्यंत. डिम्प्ना म्हणाली, "आभारी आहे." बस्स.

ऑक्टोबर आला. दुखवट्याच्या घरी त्या वर्षी सोंगं जात नाहीत, अशी रीत. म्हणजे गावभर धिंगाणा चालू असताना डिम्प्ना एकटी बसणार. पण तोंड झाकून, मुक्यानं बहिणीच्या घरात शिरायची संधीही त्याच एका संध्याकाळी. रीत मोडायची तर आत्ताच, असं तिनं ठरवलं.

"मॅलकी, आपण गाढव व्हायचं," तिनं एका सकाळी जाहीर केलं.

मॅलकीनं पाव चावून संपवला. "दोघं?"

"दोघं मिळून एक. तू पुढे, मी मागे. एकटी गेले तर ती चालीवरून ओळखेल, माझी कंबर धरलीय ना. मागच्या पायांची कंबर कोण बघतं?"

"मीच पुढे का?"

"कारण तू बोलत नाहीस."

मॅलकीनं दुसरा पाव घेतला.

जुन्या करड्या घोंगडीचं अंग, कोळशाच्या पोत्यांचे पाय, मॅलकीच्या झिजक्या सपातांचे कान, कपड्यांच्या चिमट्यांचे दात, बूटपॉलिशच्या डब्यांची झाकणं डोळ्यांना. सगळी शिवण आईनं शिकवलेल्या टाक्याची, दोन टाके पुढे आणि एक मागे. दुसरा टाका अट्रॅक्टाला येतच नव्हता. मॅलकीच्या बुटांवर तिनं मोजे चढवले, कारण त्यांवरचं रस्त्याचं डांबर कुणीही ओळखलं असतं.

अंधार पडला तसं गाढव निघालं. अट्रॅक्टाला जमीन आणि मॅलकीचे मोजे सोडून काही दिसत नव्हतं. तो न सांगता थांबायचा आणि तिचं नाक त्याच्या पाठीवर आपटायचं.

"सांगत जा की रे!"

"तूच म्हणालीस बोलू नको."

कुंपणापलीकडे शेजाऱ्याचं खरं गाढव उभं होतं. ते यांच्या बरोबरीनं चालायला लागलं आणि मोठ्या प्रेमानं रेकलं.

"जमलंय," मॅलकी म्हणाला.

"काय जमलंय?"

"गाढवानं ओळखलं नाही."

डिम्प्नाच्या दारात दिवा नव्हता. मॅलकीनं कडी उचलली आणि गाढव आत गेलं. पहिल्यांदा अट्रॅक्टाला वास आला तो ब्रॅकचा, ताजा. कुणी येणार नाही हे माहीत असून हिनं ब्रॅक भाजला होता. मग घोंगडीखालून बहिणीची पावलं दिसली. पायांत ओवेनच्या सपाता, दोन बोटं मोठ्या.

"अगं बाई," डिम्प्नाचा आवाज आला. "दुखवट्याच्या घरात गाढव! रीत माहीत नाही, म्हणजे गाढवच असणार. ये. बस म्हणणार होते, पण कसा बसणार तू?"

ती भोवती फिरू लागली. "रेगनचा टॉमी? नाही, तो इतका वेळ गप्प कुठला राहतो. बेकरीवाला? त्याचं पोट मावायचं नाही." सपाता मागे आल्या. डिम्प्नाचा हात घोंगडीवरून, अट्रॅक्टाच्या पाठीवरून फिरला, शिवणीपाशी आला आणि थांबला. बोटं शिवणीवरून सावकाश चालली, दोन टाके पुढे, एक मागे.

मग हात उचलला गेला.

"नाही बाई," शेवटी डिम्प्ना म्हणाली. "हरले मी. नाही ओळखू येत."

तिनं ब्रॅक कापला आणि एक तुकडा गाढवाच्या तोंडात दिला. मॅलकीनं तो दोन घासांत संपवला. "गाढवाला गुळाची चव काय!" ती पुटपुटली. मग तिनं मागे येऊन शेपूट उचलली आणि फटीतून हात आत घातला. हातात ब्रॅकचा कडेचा तुकडा होता, दोन्ही बाजूंनी लोणी लावलेला. लहानपणी त्याच तुकड्यावरून दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या.

"मागच्यालाही भूक असेल," डिम्प्ना म्हणाली.

अट्रॅक्टानं तो तुकडा रडत रडत खाल्ला. तो अर्धा लोण्याचा होता आणि अर्धा मिठाचा.

सपाता आतल्या खोलीत गेल्या. बाहेर आले ते बूट, ओवेनचे. बुटांच्या वर हिरव्या लोकरी कापडाच्या झिपऱ्या लोंबत होत्या. त्या अट्रॅक्टानंच कापल्या होत्या, तिला त्यांचं वाकडं टोकही आठवत होतं. वर शिंगं होती की नाही ते तिला दिसेना, आणि मॅलकीला दिसत होतं तर तो सांगेना. बोकडानं दार उघडलं, गाढव त्याच्यामागून बाहेर पडलं. दुखवट्यातल्या बाईनं घराबाहेर पडायचं नसतं. पण बोकडानं पडू नये असं कुणी कुठे म्हटलंय?

तिघं कोलमन फीनीकडे गेले. त्याचं स्वयंपाकघर माणसांनी भरलेलं, आणि म्हातारा खुर्चीत न्यायाधीशासारखा बसलेला. गाढवाकडे एकदा पाहून तो म्हणाला, "पुढचा मॅलकी. मोज्याला भोक आहे, डांबर दिसतंय." सगळे हसले. मागच्याचा मात्र त्याला पत्ता लागेना. मग तो बोकडाकडे वळला.

"चाल जरा," तो म्हणाला. बोकड चालला. ओवेनचे बूट फरशीवर फरफटले.

कोलमननं डोळे मिटले. "आणखी एकदा." बोकड पुन्हा चालला. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज आलं. तो उठून उभा राहिला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"या फादर," तो आदरानं म्हणाला. "आमच्या घरी आपण, आणि तेही बोकड होऊन! मोठेपणा आहे आपला."

गाढवाच्या मागच्या भागात कुचकुच सुरू झालं. मॅलकीनं मागे लाथ मारली, उपयोग झाला नाही. हसू फुटलं, घोंगडी हादरली, शेपूट गळून पडली. आणि त्याच क्षणी बोकडाच्या तोंडातून तस्संच हसू बाहेर आलं, तीच कुचकुच, तीच वर्दी. दोन्हीकडून एकच कोंबडी.

कोलमन मटकन खाली बसला. "गेरटीच्या पोरी," तो म्हणाला. लग्नाआधीच्या त्या आडनावानं दोघींना एकत्र कुणी हाक मारून जमाना झाला होता.

भांडण गावाला पाठ होतं. पण ओळखलं की मुखवटा काढायचा, ही रीतही पाठ होती, आणि तिला सुटका नाही. घोंगडी बाजूला झाली. अट्रॅक्टा बाहेर आली, केसांत कोळशाची भुकटी, ओठाला लोणी. बोकडानं डोक्यावरचं पोतं काढलं. डिम्प्ना फार वाळली होती. आईचा कोट तिला अंगात बसला होता, फक्त बाह्या कोपरापर्यंतच येत होत्या.

अट्रॅक्टाला किती तरी बोलायचं होतं. तोंडातून आलं ते असं: "बाह्या आखूड होतात तुला."

"तू पोराच्या मापानं बेतलास. मी काय करू?"

"त्या कापल्या नाहीत मी. आत दुमडल्यात. पोर वाढतं, दर साली नवं कुठून आणू? उसवलं की पुऱ्या होतील. घेराच्या झिपऱ्यांना मात्र इलाज नाही. चुकलं माझं, डिम्प्ना. गाठोडं चुकलं आणि नंतर तोंडही चुकलं."

डिम्प्नानं बाहीची कड उलटून पाहिली. आत सगळं कापड जसंच्या तसं होतं, दोन टाके पुढे, एक मागे. तिच्या डोळ्यांतलं पाणी त्यावर पडलं.

"मीही पोराला बनियनवर पाठवायला नको होतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं हा पेटीत होता, आणि मी कधी उलटून बघितलं नाही."

"उद्या येते, उसवून देते. आईचा होता तसा करून देते."

डिम्प्नानं कॉलरपाशी हात नेऊन ट्यूबची शिंगं चाचपली.

"बाह्या सोड," ती म्हणाली. "शिंगं राहू दे."